सह्यांचं टेबल

आमच्या इलेक्शन ऑफिसात कायदा असा, की मोठी निवडणूक झाली की तिचे सगळे कागद बावीस महिने जपून ठेवायचे. मग श्रेडर! लिफाफे, मतपत्रिका, आमच्या हजेरीचे तक्ते, सगळ्याचा भुगा. किश्श्यांना मात्र असली मुदत नाही, म्हणून ते साठत जातात. मराठी मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे ज्याने त्याने घरून पदार्थ आणायच्या जेवणाला, बाकीचे लोक सर्व्हर आणि प्रमोशनच्या गोष्टी काढतात. आमच्या अविनाशची तर वर्षानुवर्षं तीच टेप. मग कोणीतरी निव्वळ सभ्यपणाने बायकोकडे, म्हणजे माझ्याकडे वळतं आणि विचारतं, "शैलाताई, तुम्ही काय करता?" मी सांगते, "मतदारांच्या सह्या तपासते." की झालं, लोकांच्या हातातली भजी हातातच राहतात.

अमेरिकेतल्या बेलव्ह्यूपासून गाडीने तासाभरावर आमची छोटी काउंटी, म्हणजे आपल्याकडचा जिल्हाच. इथे बहुतेक मतं पोस्टाने येतात. मतपत्रिका एका साध्या लिफाफ्यात, तो दुसऱ्या मोठ्या लिफाफ्यात, आणि त्या मोठ्या लिफाफ्यावर मतदाराची सही. नावनोंदणीच्या कार्डावरची सही आणि ही सही जुळली तरच लिफाफा उघडायचा. ती जुळवायचं काम माझं आणि वॉल्टरचं. वॉल्टर हा रिटायर्ड पोस्टमन, माझ्या शेजारच्या खुर्चीवर. आमच्या डोक्यावर मार्गरेट. उंच, वाळकी, गळ्यात साखळीला अडकवलेला चष्मा, आणि नियमाच्या बाबतीत सख्ख्या आईचंही ऐकणार नाही अशी बाई. मी तिथे २००३ साली लागले, दर निवडणुकीपुरती टेम्पररी. 'शैला' त्यांच्या तोंडात बसेना, म्हणून पहिल्याच दिवशी माझी 'शीला' झाली.

*

नोकरी कशी मिळाली ते ऐका. इंटरव्ह्यूत मार्गरेटने विचारलं, हस्ताक्षर ओळखायचा काही अनुभव आहे का? मी म्हटलं, अकरा वर्षं नागपूरला मुलींच्या शाळेत शिक्षिका होते. ती म्हणाली, ते ठीक, पण सह्यांचा? मी म्हटलं, बाई, प्रगतिपुस्तकावर पालकांची सही लागते आणि गणितात नापास झालेली मुलगी ती सही कुणाची आणते, हे मी अकरा वर्षं बघितलंय!

मग तिला आठवी 'ब'मधल्या वंदनाची गोष्ट सांगितली. वंदना वडिलांची सही इतकी सुरेख करायची, की प्रत्येक टर्मला हुबेहूब तीच, जशी काही छापलेली. एकदा तिच्या वडिलांना बोलावून घेतलं आणि माझ्यासमोर सही करायला लावली. त्यांची खरी सही बघितली तर कोंबडीने पाय ओढल्यासारखी! वंदना रडायला लागली आणि वडील तिच्या सहीकडे कौतुकाने बघत म्हणाले, "बाई, माझी सही अशी असायला पायजे होती."

मार्गरेट हसली नाही. फक्त विचारलं, यावरून तू काय शिकलीस? मी म्हटलं, "खरी सही घाईत असते. खोटी सही जपून केलेली असते." तिने ते वाक्य वहीत उतरवून घेतलं आणि म्हणाली, सोमवारी आठला ये.

*

घरी आमचे अण्णा. माझे वडील, भास्करराव देशकर, वर्धा जिल्ह्यातले रिटायर्ड हेडमास्तर. आई गेल्यावर २००२ साली मी त्यांना इकडे घेऊन आले. इथे त्यांना करमावं म्हणून आम्ही काय काय केलं, पण ते खरे खुलले माझ्या नोकरीने. कारण निवडणूक हा त्यांचा विषय! तिकडे मास्तर म्हटला की इलेक्शन ड्युटी आलीच. अण्णांनी उभ्या आयुष्यात एक निवडणूक चुकवली नाही. मतपेट्या घेऊन जीपमधून जायचे, शाळेच्याच बाकांवर झोपायचे, केंद्राध्यक्ष म्हणून लाखेने पेटी सील करायचे.

पण एक सल होता. ड्युटी नेहमी परगावी, त्यामुळे स्वतःचं मत पोस्टाने. एकदा ती मतपत्रिका घरी पोचली तेव्हा निकाल लागून हार वाळले होते. बाकीच्या वेळी अण्णांनी ती भरून पाठवली, पण पोचली का, मोजली का, कुणास ठाऊक. "हजारो लोकांच्या बोटाला शाई लावली गं मी," ते म्हणायचे, "माझं बोट कोरडं ते कोरडं." त्यांना मरायच्या आधी एकदा खात्री करून घ्यायची होती, की आपलं मत मोजलं गेलं. एवढीच इच्छा. इथे सिटिझन व्हायला अजून पाच-सहा वर्षं होती, तोवर माझ्याकडून रोजचा रिपोर्ट घेणं चालू. कुणाचं नाव नाही, गाव नाही, फक्त गंमत सांगायची, असा आमचा करार होता.

*

वॉल्टरची पहिली निवडणूक. तीस वर्षं टपाल वाटलेला माणूस, लिफाफा हातात आला की त्याचं लक्ष आधी पत्त्यावर. हे घर निळं आहे. यांचा कुत्रा चावरा. ही बाई मुलीकडे राहायला गेली असणार. सही बघायची सोडून सगळं बघायचा.

मार्गरेट मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "वॉल्टर, हे तुला वाटायचे नाहीयेत."

मग आम्हा दोघांना उभं करून तिने धडा दिला. नाव वाचू नका, पत्ता वाचू नका. सही ही वाचायची गोष्टच नाही. हात कुठे उचललाय, कुठे दाबलाय, शेवटची रेघ कुठे पळालीय, ते बघा. "वाचायचं नाही, बघायचं." दिवसातून दहा वेळा हे ऐकावं लागायचं. अण्णांना सांगितलं तर म्हणाले, बाईंनी आमच्या शाळेत यायला हवं होतं.

*

नवरा-बायकोंचे लिफाफे अदलाबदल होणं हे तर रोजचंच. एका बाईला मार्गरेटने फोन केला, की तुमच्या नवऱ्याच्या लिफाफ्यावर तुमची सही दिसतेय. बाई शांतपणे म्हणाली, त्यात काय, चाळीस वर्षं त्याच्या सगळ्या सह्या मीच करते. मार्गरेट म्हणाली, ही त्याला स्वतः करावी लागेल. तर ती बाई म्हणते, "मग त्याला आधी शिकवावी लागेल."

आपलेही काही कमी नाहीत. मंडळातला एकजण, आयटीतला, पुण्याचा, नुकताच सिटिझन झालेला. मला घरी फोन करून विचारतो, ताई, बायको पुण्याला गेलीये, तिची सही मी मारू का? मी म्हटलं, मारून बघ, जेलची हवा खाशील. तर म्हणतो, अहो पण मला तिच्यापेक्षा छान येते! मी म्हटलं, म्हणूनच पकडला जाशील. बायकोने परत येऊन स्वतः सही केली, वेळेत. मी नंतर चौकशी केली होती.

*

आता पावडरीचा किस्सा. त्या वर्षांत पाकिटातून पांढरी पावडर येण्याची सगळ्या देशाला धास्ती होती. आमच्याकडेही सक्त सूचना, टपालात कसलीही भुकटी दिसली की हात लावायचा नाही, सरळ बाहेर पडायचं.

एका सकाळी वॉल्टरच्या ट्रेमधला एक लिफाफा त्याच्या बोटांना लागला आणि बोटं पिवळी झाली. वॉल्टर पांढरा पडला. मार्गरेटने घंटा दाबली, आम्ही सगळे पार्किंग लॉटमध्ये, थंडीत कुडकुडत. फायर ब्रिगेडचा बंब आला. वॉल्टरला बाजूला बसवून त्याच्या हातांवर पिशव्या बांधल्या. मी हळूच विचारलं, वॉल्टर, पिवळी म्हणजे कशी पिवळी होती? तो म्हणाला, मोहरीच्या सॉससारखी.

मी मास्कवाल्या ऑफिसरकडे गेले आणि म्हटलं, ती हळद आहे. त्याने विचारलं, कशावरून? मी म्हटलं, लिफाफ्याचे कोपरे बघा, बाजूला लाल पण असेल. तो आत गेला आणि पाच मिनिटांनी बाहेर येऊन माझ्याकडे संशयाने बघत म्हणाला, लाल आहे! तुम्हाला कसं माहीत? मी म्हटलं, "साहेब, आमच्यात नुसती हळद लावत नाहीत."

आपल्याकडच्या कुणीतरी आयुष्यातलं इथलं पहिलं मत पाठवताना लिफाफ्याला हळदकुंकू लावलं होतं! मला हसू आवरेना आणि खरं सांगू, डोळ्यांत पाणीही आलं. लिफाफा रीतसर तपासून घेतला, मत बाद झालं नाही. मार्गरेटने आमच्या सूचनांच्या फाइलमध्ये एक ओळ घातली: पिवळी आणि लाल पावडर सोबत असल्यास आधी शीलाला विचारावे. ती ओळ अजून आहे. अण्णा मात्र चिडले. "पहिल्यांदा कोणीतरी मताची पूजा केली," म्हणाले, "आणि तुम्ही पळून गेलात?"

*

निकालानंतर ऑडिट असतं. लोकांसमोर फासे टाकून मतपत्रिकांचे काही गठ्ठे निवडायचे, ते हाताने मोजायचे आणि मशीनच्या आकड्याशी ताडून बघायचे. मागे दोन्ही पक्षांची माणसं उभी. वॉल्टर मोजणार, मी लिहिणार.

माझ्या पहिल्याच ऑडिटमध्ये मशीन म्हणालं एकोणसत्तर आणि माझ्या कागदावर एकोणऐंशी! दहाचा फरक. पक्षांची माणसं पुढे सरकली, एकाने फोन काढला. वॉल्टरने तीनदा मोजलं, तिन्ही वेळा मोठ्याने सांगितलं, आणि तिन्ही वेळा मी एकोणऐंशीच लिहिलं. माझे कान गरम झाले. मार्गरेटने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "शीला, तू मनात कुठल्या भाषेत मोजतेस?"

तेव्हा उलगडा झाला. वॉल्टर 'सिक्स्टी नाइन' म्हणाला, की माझ्या डोक्यात 'एकोणसत्तर' वाजायचं, त्यातलं 'सत्तर' ऐकून हात आधी सात काढायचा आणि पुढे नऊ. मी सगळ्यांना समजावलं, आमच्याकडे एकोणसत्तर म्हणजे सत्तरला एक कमी. पक्षांची माणसं माना डोलवायला लागली. वॉल्टर त्या वर्षी नेमका एकोणसत्तरचा होता. तो म्हणाला, "म्हणजे तुमच्याकडे माणूस वर्षभर आधीच म्हातारा होतो!"

आकडा जुळला. तेव्हापासून मी त्या खोलीत इंग्रजीत मोजते आणि बाहेर आल्यावर परत मराठीत.

*

हसण्यावारी नेलं तरी त्या टेबलावर एक गोष्ट मी शिकले. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची सही जुळेना. वेडीवाकडी, थरथरलेली. वॉल्टर आणि मी म्हटलं, ही त्याची नाही. मार्गरेटने पत्र पाठवलं, उत्तर नाही. फोन केला, कोणी उचलेना. मुदत संपायला दोन दिवस राहिले तेव्हा तिने एका सहकाऱ्याला बरोबर घेतलं आणि फॉर्म घेऊन स्वतः गाडी काढली. माणसाला अर्धांगवायू झाला होता, उजवा हात गेला होता. त्याने तिच्यासमोर डाव्या हाताने सही केली. त्याला दहा मिनिटं लागली.

ती परत आल्यावर मी म्हटलं, एका मतासाठी एवढं? ती म्हणाली, "आपण चोर पकडायला बसलेलो नाही, शीला. ज्याचं मत त्याला मिळवून द्यायला बसलोय." बाईने आयुष्यात केलेलं हे सगळ्यात लांबलचक भाषण असेल. त्या दिवशी मला माझ्या टेम्पररी नोकरीचा जो अभिमान वाटला, तो अविनाशच्या सगळ्या प्रमोशनांचा मिळून वाटला नसेल. त्याला हे सांगितलंय मी.

*

आणि मग आलं २००८. अण्णा अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी परीक्षा पास होऊन सिटिझन झाले. शपथ झाली, तिथेच नावनोंदणीचं टेबल होतं. एका मुलीने फॉर्म पुढे केला, इथे सही करा म्हणाली. अमेरिकेचा कागद म्हणून अण्णांनी कॉपीबुकातल्यासारख्या अक्षरात इंग्रजीत सही ठोकली. मी फोटो काढण्यात गुंग. सह्या तपासणारी बाई, आणि बापाच्या सहीकडे लक्ष नाही!

ऑक्टोबरात मतपत्रिका घरी आली. अण्णांनी दोन दिवस उमेदवारांची माहितीपुस्तिका वाचली. हातात लाल पेन. एका उमेदवाराच्या निवेदनात स्पेलिंगची चूक सापडली, ती दुरुस्त केली. तिसऱ्या दिवशी अंघोळ केली, देवापाशी दिवा लावला आणि खोलीचं दार लावून घेतलं. कुणाला मत दिलं ते आम्हाला सांगितलं नाही. मी म्हटलं, द्या लिफाफा, उद्या ऑफिसात नेते. तर म्हणाले, "तू कर्मचारी आहेस. नियमात बसत नाही." कोट चढवला आणि कोपऱ्यावरच्या पोस्टाच्या पेटीपर्यंत स्वतः चालत गेले.

दोन दिवसांनी ट्रेमधला पुढचा लिफाफा उचलला आणि माझा हात थांबला. सहीच्या जागी मराठीत, एका झोकात, वरची रेघ पार पुढे नेलेली: भा. रा. देशकर. चाळीस वर्षं शाळेच्या प्रत्येक दाखल्यावर केलेली सही. महत्त्वाचं काम म्हटल्यावर त्यांचा हात आपोआप त्या सहीकडे गेला होता. स्क्रीनवर मात्र कार्डावरची इंग्रजी.

नियम स्पष्ट आहे. घरच्या माणसाचा लिफाफा आला तर हात वर करायचा आणि खुर्ची मागे घ्यायची. मी घेतली. मार्गरेट आली, तिने आणि वॉल्टरने बघितलं. दोघांनी काही बोलायच्या आधीच मला माहीत होतं. लिफाफा लाल ट्रेमध्ये गेला, न जुळलेल्यांच्या. तेच करायला हवं होतं. मीही तेच केलं असतं.

आता घरी काहीही सांगायची परवानगी नाही. पत्र जाईल, ते मिळेल, तोवर तोंड बंद. संध्याकाळी अण्णांनी विचारलं, माझं मत पोचलं का गं? मी म्हटलं, अण्णा, असं घरी सांगता येत नाही. "बरोबर," ते म्हणाले. "नियम म्हणजे नियम." आणि भाजी वाढून घेतली. मी पोळ्या आणायला उठले. अविनाश नंतर स्वयंपाकघरात म्हणाला, सांगून टाक ना यार, बाप आहे तुझा! मी म्हटलं, बाप आहे म्हणूनच नाही. असे तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी पत्र आलं.

अण्णांनी ते दोनदा वाचलं, चष्मा पुसून. मग म्हणाले, "माझी सही माझी नाही म्हणतायत." एवढंच. आवाज इतका लहान झाला होता, की मला मार्गरेटचा, वॉल्टरचा, त्या लाल ट्रेचा, सगळ्यांचा राग आला. मी म्हटलं, अण्णा, मुदत आहे अजून. जा आणि समोर उभे राहून सांगा.

दुसऱ्या दिवशी अविनाशने त्यांना आणून सोडलं. तोच कोट, खिशाला शाईचं पेन. मला काउंटरवर यायला बंदी, मी काचेआडून बघतेय. मार्गरेटने लिफाफा आणि कार्डाची प्रत शेजारी शेजारी ठेवली आणि विचारलं, मिस्टर देशकर, यातली तुमची सही कोणती? अण्णा आपल्या हेडमास्तरी इंग्रजीत, सावकाश, एकेक शब्द तोलून म्हणाले, "मॅडम, ती मी तुमच्यासाठी केली होती. ही माझी आहे."

मार्गरेटने कार्डाची प्रत बाजूला सरकवली. मग तिने नवा फॉर्म पुढे केला. म्हणाली, ठीक आहे, मग आम्हाला तुमची द्या. अण्णांनी सही केली, घाईत, जशी खरी सही असते तशी. तिने तो फॉर्म लिफाफ्याजवळ धरला आणि चष्मा चढवून कितीतरी वेळ बघत राहिली. त्या बाईला देवनागरीतलं एक अक्षर येत नाही! पण बोट ठेवून म्हणाली, वरची ही रेघ अक्षरं संपली तरी पुढे पळते आणि टोकाला खाली वळते. इथेही. आणि इथेही. जुळली.

बाहेर पडताना अण्णा अविनाशला म्हणाले, बाईंना अक्षर कळतं. मी काचेआड डोळे पुसत होते. वॉल्टरने मला टिश्यूचा अख्खा डबाच आणून दिला.

*

पण अण्णा ते अण्णा. संध्याकाळी विचारलं, आता पुढे? मी म्हटलं, आता बाहेरचा लिफाफा वेगळा, आतला वेगळा, मतपत्रिका गठ्ठ्यात मिसळली की कुणाची कोणती ते देवालाही कळणार नाही. गुप्त मतदान आहे ना! ते म्हणाले, म्हणजे स्वीकारलं. पण मोजलं का? मी म्हटलं, ते एकेकाचं कसं सांगणार? "मग तिकडच्यासारखंच झालं की," ते म्हणाले आणि पेपर उघडला. मला फार वाईट वाटलं. इतकं सगळं करून बोट पुन्हा कोरडंच!

निकाल लागला. ऑडिटचा दिवस आला. फासे पडले, तीन गठ्ठे निघाले. शेवटचा अगदी छोटा, सहीची अडचण सुटून उशिरा मोकळ्या झालेल्या मतपत्रिकांचा. एकाच जागेची मतं मोजायची होती. वॉल्टर एकेक पत्रिका उचलून नाव पुकारतोय, मी रेघा मारतेय, मागे पक्षांची माणसं. मध्येच वॉल्टर थांबला. मतपत्रिकेच्या वरच्या कोऱ्या पट्टीत, बरोब्बर मधोमध, निळ्या शाईत काहीतरी बारीक लिहिलेलं. तो म्हणाला, कुणीतरी पेन चालतंय का बघितलेलं दिसतंय.

मी बघितलं. श्री.

माझ्या पहिलीच्या वहीच्या पहिल्या पानावर अण्णांनी लिहून दिलं होतं, तसंच. वेलांटीचा तोच गोल. ज्या हेडमास्तरांनी जन्मभर परीक्षेच्या आधी वर्गावर्गात जाऊन बजावलं, की उत्तरपत्रिकेवर नंबर सोडून काही लिहायचं नाही, श्री नाही, ओम नाही, खूण दिसली की पेपर बाजूला, त्या हेडमास्तरांनी!

मार्गरेट आली. मतदाराचं नाव किंवा सही असेल तर पत्रिका बाजूला काढावी लागते. तिने मला विचारलं, हे कुणाचं नाव आहे का? मी म्हटलं, नाव नाही. कुठल्याही कामाला सुरुवात करताना आमचे लोक हे लिहितात. लग्नपत्रिकेवर, हिशेबाच्या वहीवर, वाण्याच्या यादीवरसुद्धा. तिने विचारलं, काउंटीत असे लोक बरेच आहेत? म्हटलं, मंडळात या कधी पॉटलकला. अक्षर कुणाचं, हे तिने विचारलं नव्हतं, आणि विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर लिहावं, हे मी मुलींना शिकवत आले. तिने लॉगमध्ये नोंद केली, नाव नाही, ग्राह्य, आणि वॉल्टरला म्हणाली, मोज.

वॉल्टरने नाव पुकारलं. मी रेघ मारली. कोणतं नाव, ते मी आजवर अविनाशलाही सांगितलेलं नाही. माझी पेन्सिल क्षणभर थबकली, इतकंच सांगते. गठ्ठा संपला. आमचा आकडा आणि मशीनचा आकडा अगदी एक.

घरी आले तर अण्णा खिडकीपाशी पेपर वाचत बसलेले. मी चहा केला, त्यांच्यापुढे कप ठेवला. ऑफिसातलं घरी सांगायचं नाही, नियम म्हणजे नियम. मी समोर बसले आणि एका शिक्षकाने दुसऱ्या शिक्षकाला सांगावं तसं म्हटलं, "अण्णा, उत्तरपत्रिकेवर श्री लिहायचं नसतं."

अण्णांनी पेपर खाली केला. चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"म्हणजे तपासला गेला पेपर!"